करतो : अक्षरे दोन की तीन?

दिल्लीच्या नैर्ऋत्येस द्वारका नावाचे एक मोठे उपनगर आहे. श्रीकृष्णाच्या नगरीचे नाव त्याने घेतले असले, तरी समुद्र तेथून फार दूर राहिला. रुंद रस्ते, आकड्यांनी ओळखले जाणारे विभाग आणि सहकारी गृहसंस्थांच्या उंच इमारती, असा त्याचा थाट आहे. नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्राबाहेर पडलेली बरीच मराठी कुटुंबे तेथे राहतात. माझे बिऱ्हाडही तेथेच आहे.

माझी कन्या आठवीत शिकते. तिच्या शाळेत तिसरी भाषा म्हणून स्पॅनिश घेण्याची सोय आहे आणि तिने ती हौसेने घेतली आहे. एके दिवशी संध्याकाळी ती क्रियापदांचा अभ्यास करीत बसली होती. प्रत्येक रूपाची अक्षरे पाडावयाची आणि बोलताना जोर कोणत्या अक्षरावर येतो ते दाखवावयाचे, असा तो पाठ होता. स्पॅनिश रूपे संपल्यावर तिने शेजारच्या रकान्यात गंमत म्हणून मराठी रूपेही मांडली होती. 'करतो' यासमोर तिने 'कर-तो' अशी दोन अक्षरे लिहिली होती. 'बसते' यासमोर 'बस-ते' होते आणि 'करवतो' यासमोर 'क-रव-तो'.

मी कचेरीतून नुकताच परतलो होतो. मराठी घेऊन एम. ए. झालेल्या माणसाला जो अहंकार असतो, तो माझ्या ठायीही आहे. मी पेन्सिल घेतली आणि 'करतो'ची 'क-र-तो' अशी तीन अक्षरे करून दिली. ती म्हणाली, "पण बाबा, तुम्ही बोलता तेव्हा मला दोनच ऐकू येतात." मी म्हणालो, "ऐकू काहीही येवो, अक्षरे तीनच आहेत." तिने वही मिटली. त्या रात्री जेवताना तिने माझ्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर हिंदीतून दिले.

श्रोतेहो, हा प्रसंग अगदी क्षुल्लक आहे. पण परप्रांतात वाढणाऱ्या मुलांच्या घरी मराठी कशी मुकी होत जाते, हे ज्यांनी पाहिले असेल त्यांना तो क्षुल्लक वाटणार नाही. माझी चूक कोठे झाली याचा मी शोध घेऊ लागलो, आणि त्या शोधात मराठी क्रियापदाचा जो इतिहास हाती आला, तो आज आपल्यापुढे ठेवावयाचा आहे.

आरंभ स्पॅनिशपासूनच करू. त्या भाषेत 'कान्तो' असे एक क्रियापदाचे रूप आहे. त्याची अक्षरे दोन, 'कान्' आणि 'तो'. जोर पहिल्या अक्षरावर दिला, तर अर्थ होतो 'मी गातो'. तोच जोर दुसऱ्या अक्षरावर नेला, तर अर्थ होतो 'तो गायला'. पुरुष बदलला आणि काळही बदलला, ध्वनी मात्र तेच राहिले. जोर कोठे यावा याचा त्या भाषेचा नियम सुटसुटीत आहे. शब्दाच्या अखेरीस स्वर असेल, अथवा न् किंवा स् असेल, तर जोर उपान्त्य अक्षरावर पडतो. अन्य व्यंजन असेल, तर तो अंत्य अक्षरावर पडतो. या नियमास जो शब्द जुमानत नाही, त्याच्या त्या अक्षरावर एक तिरपी रेघ देतात. 'तो गायला' या अर्थाच्या रूपावर ती रेघ असते आणि 'मी गातो' या रूपावर ती नसते. तात्पर्य, एका बारीकशा रेघेवर कर्ता आणि काळ ही दोन्ही अवलंबून असतात.

हे ऐकून आपल्याला नवल वाटते, पण आपल्याच पूर्वजांना ते वाटले नसते. वेदकालीन भाषेत उदात्त, अनुदात्त आणि स्वरित असे स्वर होते. तेथे आवाजाच्या जोरापेक्षा त्याच्या चढ-उताराला महत्त्व होते, पण त्या चढ-उतारावर अर्थ ठरत असे. 'इंद्रशत्रु' या समासाची कथा पुष्कळांना ठाऊक असेल. इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून त्वष्ट्याने यज्ञ केला. मंत्रात स्वर चुकीच्या जागी पडला, आणि इंद्राचा वध करणाऱ्याऐवजी इंद्राकडून वध पावणारा वृत्र जन्मास आला. पतंजलींनी महाभाष्याच्या आरंभीच या कथेचा दाखला दिला आहे. क्रियापदाच्या बाबतीत तर वैदिक भाषेचा एक खास नियम होता. मुख्य वाक्यात क्रियापद आरंभी नसेल, तर ते अनुदात्त उच्चारले जाई. गौण वाक्यात मात्र ते आपला स्वर राखी. केवळ आवाजाच्या उंचीवरून ऐकणाऱ्याला वाक्याची घडण कळत असे.

अक्षर म्हणजे काय, याचाही विचार त्या प्राचीन शिक्षाकारांनी करून ठेवला आहे. अक्षर म्हणजे स्वर, आणि त्याच्या आश्रयाने राहणारी व्यंजने. दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल, तर ते पुढल्या स्वराचे. जोडव्यंजन असेल, तर त्यातील पहिले मागल्या स्वराचे. गंमत अशी की स्पॅनिशच्या पाठ्यपुस्तकातील नियमही बव्हंशी हाच आहे. या व्याख्येने 'करतो' तपासून पाहा. आपण बोलताना 'र'मधील अ उच्चारीत नाही. म्हणजे स्वर उरले दोन, क मधला अ आणि शेवटचा ओ. अक्षरेही दोनच झाली. कन्येचे उत्तर प्रातिशाख्यांच्या कसोटीस उतरत होते. मी जे मोजले, ते कागदावरचे अवयव होते. लिपीतल्या चिन्हाला आपण पुढे 'अक्षर' म्हणू लागलो, त्यामुळे हा घोटाळा माझ्यासारख्या शिकलेल्या माणसाचाच अधिक होतो.

मग प्रश्न असा, की 'र'मधील तो अ गेला कोठे? आणि कधी?

याचे उत्तर शोधण्यासाठी कर्नाटकात श्रवणबेळगोळला जावे लागते. गोमटेश्वराच्या भव्य मूर्तीच्या पायाशी मराठीतले फार जुने असे दोन लेख कोरलेले आहेत. एकात चावुंडराजाचे नाव येते, दुसऱ्यात गंगराजाचे. त्यांच्या काळाविषयी विद्वानांत मतभेद आहेत, पण ते दहाव्या ते बाराव्या शतकांदरम्यानचे आहेत एवढे धरून चालता येईल. तेथील क्रियापद आहे 'करवियले'. शेजारी हीच माहिती कन्नड आणि तमिळ भाषांतही कोरली आहे. 'करवियले' म्हणजे करविले, करवून घेतले. त्यात क, र, वि, य, ले अशी पाच अक्षरे आहेत. पुढे त्याचे 'करविले' झाले, आणि आज आपण 'करवले' म्हणतो, तेही 'क-रव-ले' असे तीन अक्षरांत. हजार वर्षांच्या आत पाचांची तीन झाली. दगडावर कोरलेला हा पुरावा कोणाही व्याकरणकाराच्या मतापेक्षा बोलका आहे.

जे अक्षर गळाले, ते नेहमी मधले आणि दुबळे होते, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. 'करतो'मध्ये र चा अ गळतो. पण 'करवतो' म्हणताच तोच अ परत येतो आणि गळतो तो व चा. 'बसव' म्हणताना स चा अ असतो, 'बसवा' म्हणताच तो जातो. म्हणजे ही आळशी जिभेची मनमानी नव्हे, तेथे नियम आहे. पुढील अक्षर स्वराने भरलेले असले आणि मागेही आधार असला, की मधला अ दोघांत विरून जातो. शिवाय त्याचे वजन वाया जात नाही. 'क-र-तो' यात लघु, लघु, गुरु मिळून चार मात्रा होतात. 'कर्-तो' यात गुरु, गुरु मिळूनही चारच. अक्षर घटले, मात्रा घटली नाही.

ऱ्हस्व-दीर्घाचाही असाच खेळ चालतो. 'ऊठ' म्हणताना ऊ दीर्घ असतो, 'उठतो' म्हणताना तो ऱ्हस्व होतो. 'शीक' आणि 'शिकतो', 'फीर' आणि 'फिरतो', यांतही तेच. शब्द पुढे वाढला, की मागल्या स्वराचा भार उतरतो. स्पॅनिशमध्ये 'मी झोपतो' याला 'द्वेर्मो' म्हणतात आणि 'आम्ही झोपतो' याला 'दोर्मीमोस'. जोर धातूवर असतो तेव्हा लॅटिनमधल्या जुन्या ओ चा 'वे' होतो. जोर पुढे सरकला, की ओ तसाच राहतो. त्यांच्याकडे स्वराचा रंग बदलतो, आमच्याकडे त्याची लांबी बदलते. कारणे वेगळी असतील, पण धातू आपल्या प्रत्ययाच्या वजनानुसार रूप पालटतो, हे तत्त्व एकच आहे.

आता यामागे मराठीत एखादा आघात दडलेला आहे काय? वैदिक स्वराचा काही अंश आमच्या जिभेवर उरला आहे काय? या प्रश्नावर युरोपातील पंडितांत मोठा वाद झाला. पिशेल आणि याकोबी या दोन जर्मन विद्वानांनी प्राकृत भाषांविषयी परस्परविरुद्ध मते मांडली होती. पिशेल यांना प्राकृतात वैदिक स्वराचा परिणाम दिसत होता. याकोबी यांच्या मते ऱ्हस्व-दीर्घावर ठरणारा एक नवाच आघात तेथे आला होता. १९१६ मध्ये राल्फ टर्नर या इंग्रज अभ्यासकाने हा वाद थेट मराठीत आणला. मराठी शब्दांच्या रूपांत त्या प्राचीन स्वराच्या खुणा सापडतात, असे त्याने प्रतिपादिले. हे टर्नर पूर्वी काशीस अध्यापक होते, आणि पुढे त्यांनी भारतीय आर्य भाषांचा प्रचंड तौलनिक कोश सिद्ध केला. उलटपक्षी, मराठीच्या घडणीवर फ्रेंचमध्ये मूलगामी ग्रंथ लिहिणारे झ्यूल ब्लॉक यांचा कल वेगळा होता. वैदिक स्वराला एवढे श्रेय देण्यास ते तयार नव्हते. अक्षराचे शब्दातील स्थान आणि त्याचे ऱ्हस्व-दीर्घत्व यांनीच रूपे घडली, असे त्यांचे म्हणणे. त्यांचा तो ग्रंथ १९२० मध्ये प्रसिद्ध झाला, आणि वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो 'मराठी भाषेचा विकास' या नावाने मराठीत आणला.

वादाचा निकाल काहीही लागो, आजच्या मराठीत आघाताने अर्थ बदलत नाही एवढे खरे. 'करतो'तील कोणत्याही अक्षरावर जोर द्या, पुरुष किंवा काळ पालटत नाही. पण म्हणून आपल्या क्रियापदाने काहीच गमावले नाही असे मात्र नाही. जुन्या मराठीत क्रियापदांचे दोन वर्ग ऐकू येत. 'सुटतो', 'बसतो' ही अकर्मक रूपे, तर 'सोडितो', 'करितो', 'मारितो' ही सकर्मक. त्या मधल्या इ वरून, कर्म असो वा नसो, क्रियापदाची जात कळे. भूतकाळातही 'सुटला' पण 'सोडिला' असा भेद होता. एकोणिसाव्या शतकातील गद्यात ही इकारयुक्त रूपे सर्रास आढळतात. तो इ दुबळ्या जागी सापडला, आणि अ प्रमाणे तोही गेला. आज 'सुटतो' आणि 'सोडतो' एकाच साच्यातील आहेत. लॅटिनमधील क्रियापदांचे चार गण स्पॅनिशमध्ये येईतो तीन झाले. आमच्या दोनांचा एक झाला. एक लहानसा स्वर गळतो, आणि त्याबरोबर व्याकरणातील एक संबंध दालन बंद होते.

हा इतिहास पारखण्याचा पहिला छापील प्रयत्न आमच्याच पश्चिम किनाऱ्यावर झाला. १५७९ मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट गोव्यात उतरला. येथील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनच्या जवळची आहे, असे त्याने १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्राने कळविले. हे पत्र लिहिताना संस्कृत आणि युरोपीय भाषांच्या नात्याचा सिद्धान्त मांडला जाण्यास अजून दोनशे वर्षे अवकाश होता, हे लक्षात घेतले म्हणजे त्या दृष्टीचे मोल कळते. १६१६ मध्ये त्याचे ख्रिस्तपुराण रायतूर येथे छापले गेले, भाषा मराठी आणि लिपी रोमन. १६१९ मध्ये तो वारला, आणि त्याने पोर्तुगीजमध्ये रचलेले कोकणीचे व्याकरण १६४० मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय भाषेचे ते पहिले छापील व्याकरण होय.

रोमन लिपीचा येथे एक विशेष आहे. देवनागरीत अ हा व्यंजनात गृहीत असतो, तो आहे की नाही याचा निर्णय लिहिणारा टाळू शकतो. रोमनमध्ये ती पळवाट नाही. तेथे स्वर लिहावा तरी लागतो किंवा गाळावा तरी लागतो. परक्या लिपीने आमच्या क्रियापदाला असा जाब विचारला. पण परका माणूस आपले मापही बरोबर आणतो. त्या व्याकरणाची चौकट लॅटिनची होती. १८०५ मध्ये विल्यम कॅरीने श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण काढले, आणि १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग यांनी आपले 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' प्रसिद्ध केले, तेव्हा इंग्रजी व्याकरणाचा वळसा त्यांना टाळता आला नाही. दादोबांचा अधिकार थोर, पण पहिली पायवाट पाडणाऱ्याला दुसऱ्याच्या काठीचा आधार घ्यावाच लागतो. मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'ने संस्कृत, इंग्रजी आणि पूर्वसूरींची मते मराठीच्या प्रकृतीवर घासून पाहिली. अशोक केळकर यांनी १९५८ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाला मराठीच्या ध्वनिव्यवस्थेवर आणि पदरचनेवर प्रबंध सादर केला, तेव्हा कानाला ऐकू येणारी मराठी हाच अभ्यासाचा पाया झाला. माझ्या कन्येने वहीत जे केले, त्याला इतके मोठे गोत्र आहे.

गोव्यातील त्या व्याकरणाची पुढील कहाणीही सांगण्यासारखी आहे. १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदी घालणारा हुकूम काढला. ज्या भाषेचे व्याकरण चव्वेचाळीस वर्षांपूर्वी छापले गेले होते, तीच मोडून काढण्याचा हा घाट होता. १८५७ मध्ये कुन्य रिवार यांनी ते जुने व्याकरण पुन्हा प्रकाशात आणले. भाषा मात्र या अवधीत पुस्तकाची वाट पाहत थांबली नव्हती. ती घराघरांत बोलली जात होती, म्हणूनच उरली. नियम लिहिलेले नसले तरी भाषा जगते, पण बोलण्याची भीती घातली तर ती जगत नाही.

आमच्या लिपीने जिभेचे म्हणणे कधी ऐकलेच नाही असे नाही. पूर्वी आपण 'मी करतों' असा अनुस्वार देऊन लिहीत होतो, आणि 'तो करतो' यास अनुस्वार नसे. म्हणजे स्पॅनिशमधील त्या रेघेप्रमाणे आमचे टिंब पुरुष सांगत असे. ते जुन्या अनुनासिक उच्चाराचे अवशेष होते. कोकणातील काही बोलींत तो उच्चार अजून ऐकू येतो. प्रमाण मराठीच्या उच्चारातून तो गेला होता. १९६२ मध्ये मराठी साहित्य महामंडळाच्या लेखननियमांनी अशा अनुच्चारित अनुस्वारांना निरोप दिला. स्पॅनिश लोकांनी रेघ ठेवली, कारण ती ऐकू येते. आम्ही टिंब काढले, कारण ते ऐकू येत नव्हते. दोघांचा न्याय एकच. मग 'करतो'मधील न ऐकू येणारा अ तेवढा का ठेवला? कारण तो ठेवल्याने कर, करतो, करवतो या रूपांचे कुळ डोळ्यांना ओळखू येते. 'कर्तो' असे लिहिले असते, तर जिभेला बरे वाटले असते, पण धातू हरवला असता. लेखणी आठवण राखते, जीभ वाट चालते.

माझी चूक ही, की मी आठवणीच्या मापाने चालीला चूक ठरविले. मुंबई-पुण्यात वाढणाऱ्या मुलाला घरी असे टोकले, तर ते अंगणात जाऊन पुन्हा मराठीच बोलते. दिल्लीतल्या मुलाला ते अंगण नाही. त्याला आईवडिलांच्या तोंडून मिळते तेवढीच मराठी. ती त्याने कानाने अचूक टिपली असताना लिपीच्या जोरावर आपण ती चूक म्हणालो, तर ते दुसऱ्या भाषेत निघून जाते. आणि त्याला परत बोलावण्यासाठी आपल्याजवळ कोणतेही व्याकरण नसते. केंद्र सरकारने २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मराठीस अभिजात भाषेचा दर्जा दिला, याचा आनंद मलाही आहे. पण प्राचीनतेचा गौरव करताना समोरच्या मुलाची बोली पारखण्याची घाई आपण करू नये.

दोन दिवसांनी मी वही मागितली, आणि माझ्या पेन्सिलीची दुरुस्ती माझ्याच हाताने खोडली. "तुझी दोनच बरोबर होती," असे सांगितले. ती काही बोलली नाही, पण वही घेऊन जवळ बसली.

पुढे आषाढी एकादशीला आम्हा चार कुटुंबांचे भजन होते. मोठ्या अभंगाच्या पहिल्या तीन चरणांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे असतात, हे मी तिला सांगितले होते. भजन चालू असताना ती हाताच्या बोटांवर मोजत होती. घरी परतताना म्हणाली, "बाबा, गाताना मधला अ म्हणतात. म्हणजे 'करणे' बोलताना दोन आणि अभंगात तीन. तुमचेही बरोबर होते."

एवढा समंजस निकाल मला देता आला नव्हता. आमच्या संतांनी ज्या मापाने रचना केली, ते माप गाण्यात शाबूत आहे. आम्ही ज्या मापाने रोज बोलतो, ते हजार वर्षांच्या वाटचालीत घडले आहे. मराठी क्रियापद ही दोन्ही मापे अंगावर वागवीत आले आहे. आपण त्याच्याकडे पाहताना डोळे आणि कान दोन्ही उघडे ठेवावे, इतकेच सांगून आपली रजा घेतो.